सुषमाच्या बेटावरची निवडणूक

१२ मे, रविवार. मांजरी, पुणे.

सकाळपासून सुषमाचा फ्लॅट धुते आहे. सुषमा माझी धाकटी बहीण. गेली एकोणीस वर्षं ती मालदीवच्या एका बेटावर शाळेत गणित शिकवते. त्या पगारातून घेतलेल्या या दोन खोल्यांत ती सलग पंधरा दिवससुद्धा राहिलेली नाही. महिन्यातून एकदा मी येते, नळ सोडून गढूळ पाणी जाऊ देते, खिडक्या उघडते आणि गॅलरीतली कबुतरं हाकलते. घर रिकामं आहे हे शेजाऱ्यांच्या आधी कबुतरांना कळतं.

आजची धुलाई मात्र नेहमीची नाही. एजंटनं एक भाडेकरू जोडपं आणलं आहे. त्यांना फ्लॅट पसंत आहे आणि उद्यापर्यंत त्याला माझं उत्तर हवं आहे. उत्तर माझ्याकडे नाही. सुषमाचा करार दर वर्षी नव्यानं होतो, आणि यंदाचा होणार की नाही हे तिलाच माहीत नाही. झाला तर फ्लॅट भाड्यानं द्यायचा, नाही झाला तर तिला राहायला लागणार. दोन्हींसाठी फरशी धुवावी लागतेच, म्हणून धुते आहे.

केसांत धूळ जाऊ नये म्हणून जांभळी टोपी घातली आहे. तिच्यावर मालदीवच्या लिपीत काहीतरी लिहिलेलं आहे. ही टोपी माझ्याकडे कशी आली हे सांगायचं तर एप्रिलमधली फेरी सांगायला हवी. तसंही सोसायटीतले सगळे विचारतात, फोटो दाखवा म्हणून. फोटो फारसे नाहीत. समुद्र निळा होता, एवढं धरून चाला.

निघण्यापूर्वी

हिवाळ्यापासून दोन्ही देशांचं बिनसलं होतं. तिथे नवं सरकार आलं होतं ते भारतीय सैनिकांना परत पाठवू म्हणत. सैनिक म्हणजे रुग्णांना राजधानीत नेणारी आपण दिलेली विमानं-हेलिकॉप्टरं चालवणारे मूठभर लोक. त्यावरून तिकडे कोणी काही बोललं, इकडे कोणी उलटं बोललं, आणि आपल्याकडे एकाएकी मालदीवला जायचं नाही अशी टूम निघाली. ज्यांनी कधी लोणावळ्याच्या पुढे सुट्टी काढली नव्हती त्यांनीही मालदीव रद्द केलं.

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत या कामाचे पुढारी देवधर. दुसऱ्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त आहेत. जिन्यात बॅग दिसली तसे थांबले.

"शितोळेबाई, ऐकलं ते खरं का? आपण शत्रूला पैसे द्यायला निघालात?"

"बहिणीकडे निघालेय. पैसे तीच देणार आहे."

"तत्त्वाचा प्रश्न असतो हो."

"असतो ना. पाण्याच्या टँकरची वर्गणी आपण मार्चपासून दिलेली नाही, तोही तत्त्वाचाच आहे."

ते वर गेले, मी खाली गेले.

मी जात होते ते सुषमाला परत आणायला. फोनवर ती काही सांगत नसे, पण तिकडच्या संसदेची निवडणूक जवळ आली होती, प्रचारात भारत हाच विषय होता, आणि परदेशी शिक्षकांच्या जागी आपली मुलं आणू असं तिच्या बेटावरचा उमेदवार म्हणत होता. परतीची मी दोघींची तिकिटं काढली होती. आमचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा आहे. माल खराब होण्याच्या आधी हलवायचा असतो एवढंच मला कळतं. गाळा आठ दिवसांसाठी दिरावर सोपवला आणि निघाले.

बोटीत

राजधानीपासून बेटापर्यंत स्पीडबोट जाते. एरवी ती अर्धी रिकामी असते म्हणे, पण मतदानाला सगळे आपापल्या मूळ बेटावर परत जातात, तेव्हा बसायला जागा मिळाली हेच नशीब. आपल्याकडे मतदानाची सुट्टी मिळाली की लोक गावाबाहेर जातात. तिथे राजधानीतून गावाकडे येतात, आणि बोटीचं भाडं बहुतेक उमेदवार भरतो. माझं कोणी भरलं नाही.

बोट लाटांवर आपटत होती. दुसऱ्याच आपटीला वरची बॅग खाली आली, पाणी आत गेलं, आणि सुषमाच्या घरमालकिणीसाठी नेलेली गुळाची ढेप माझ्या दोन्ही साड्यांवर पाझरू लागली. शेजारच्या मुलीनं न विचारता पिशवी काढून दिली. मग माझ्या डोक्यावरचं ऊन बघून टोपीही काढून दिली. दोन्ही जांभळ्या. मी टोपी घातली. उन्हात रंग कोण बघतं?

धक्क्यावर सुषमा उभी होती. वाळलेली, काळवंडलेली, छत्री घेऊन. मला बघून इतकी हसली की छत्री मिटवावी लागली.

"ताई, उतरायच्या आधीच पक्षात गेलीस?"

"कुठल्या?"

"जे मला घरी पाठवणारेत, त्यांच्या. टोपीवर लिहिलंय, आपला देश, आपले निर्णय."

टोपी मी काढली नाही. ऊन होतंच.

अंगण

बेट एवढंसं आहे की एका टोकाला कोणी पोळी लाटली तर दुसऱ्या टोकाला कळावं. रस्ते वाळूचे. पहाटे बायका नारळाच्या हिरांच्या खराट्यानं ते झाडतात, आपल्याकडच्या अंगणासारख्या रेघा पडेपर्यंत. घरांच्या भिंती पोवळ्याच्या दगडाच्या, दारात दोरीच्या जाळीची बैठी खुर्ची, आणि तीत बसून समोरच्या घरात काय चाललंय ते बघणं हा सगळ्यांचा उद्योग. याबाबतीत पेठांशी तुलना करता येईल, फक्त तिथे बघतात ते उघडपणे.

सुषमा झाहिदाच्या घरात मागच्या खोलीत राहते. झाहिदा माझ्याच वयाची, विधवा, धिप्पाड. ती मालिकांमधून शिकलेली हिंदी बोलते. मला पहिल्यांदा बघून तिनं गाल धरले आणि म्हणाली, "दीदी, इस घर में आपका स्वागत है," ते नव्या सुनेच्या गृहप्रवेशासारखं. पुढचं तिचं बोलणं मी मराठीतच देते.

गुळाची उरलेली ढेप तिनं बोटानं चाखली, मान हलवली, आणि आतून एक बाटली आणली. नारळाच्या नीरेचा पाक, काकवीसारखा, थोडा धुरकट. चांगला होता. धंद्याच्या सवयीनं मी विचारलं, किती दिवस टिकतो? ती म्हणाली, "मुलगा घरात असला तर दोन दिवस."

मुलगा शिफान. विशीतला, दाढी राखलेला, अंगात जांभळा शर्ट. तो त्या उमेदवाराचा बेटावरचा मुख्य कार्यकर्ता. आणि प्रचाराचं ठाणं होतं झाहिदाच्याच अंगणात. तिथे हे कोणाला विचित्र वाटत नाही. प्रत्येक पक्ष कोणाच्या तरी अंगणात मांडव टाकतो, बायका खायला करतात, सगळं बेट तिथे येऊन खातं, दुसऱ्या पक्षाचेही. मग सगळे उठून दुसऱ्या पक्षाच्या अंगणात जाऊन खातात. म्हणजे भारतीयांना घालवा असं म्हणणाऱ्यांचा मांडव माझ्या बहिणीच्या खिडकीखाली होता.

पहिल्या सकाळी न्याहारीला खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आणि त्यात कुस्करलेला टूना मासा, बरोबर पातळ रोशी. रोशी आपल्या पोळीची चुलत बहीण. आमच्या घरात मटण चालतं, पण सकाळी सातला मासा मी आयुष्यात खाल्लेला नव्हता. खाल्ला. दुसऱ्या दिवशी मागून घेतला.

संध्याकाळी मी खोलीत बॅगा आवरायचा विषय काढला, तर सुषमा पिठात हात घालून उभी.

"काय करतेस?"

"बटाटेवडे. आज खायचं करायची पाळी आपल्या घराची आहे."

"त्यांच्यासाठी? सुषमा, ते तुझ्या विरुद्ध सभा घेतायत."

"हो ना. उपाशीपोटी घेतील का?"

मी हात धुतले आणि बटाटे सोलायला बसले. बटाटे आपलेच. दुकानातल्या पोत्यावर हिंदीत छापलेलं होतं. कांदा मात्र मोजून वापरला, कारण आपल्याकडून येणं कमी झाल्यापासून तिथे तो सोन्यासारखा जपत होते.

वडे बाहेर गेले आणि मिनिटात ताट रिकामं आलं. मागोमाग शिफान, हातात कागद. मला वाटलं आणखी वडे हवेत. त्याला गणित हवं होतं. बेटावरची घरं, कुठल्या घरातली किती मतं नक्की, किती डळमळीत, असा हिशेब त्यानं मांडला होता आणि तो जुळत नव्हता. सुषमानं चष्मा लावला.

"दोन वाड्यांची टक्केवारी सरळ मिळवलीस. दोन्हीकडे माणसं सारखी आहेत का?"

"नाही, मिस."

"मग? आधी माणसं मोज, मग टक्के काढ. परीक्षेतही इथेच मार्क घालवले होतेस."

तिनं उलट्या बाजूला सगळं नीट मांडून दिलं. निवडून यायला किती कमी पडतायत तेही काढून दिलं. बाकीची मुलं दारात गर्दी करून बघत होती. सगळी तिचीच.

"मिस," एकानं वडा उंच धरून विचारलं, "बटाटे पण परत पाठवायचे का?"

"आधी तोंडातला गिळ."

सगळे हसले. शिफान हसला नाही. तो माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, राग मिसवर नाही. आमची मुलं शिकून आली आहेत, त्यांना नोकऱ्या नकोत का? आणि मोठा शेजारी आमच्या घरात बसून राहिला तर तुम्हाला चाललं असतं का?"

मी म्हणाले, "मला माझ्या सोसायटीचा अध्यक्षही चालत नाही."

तो गेल्यावर मी सुषमाला धरलं. "तुझ्याच नोकरीबद्दल बोलत होता तो."

"हो. आणि चुकीचं काय बोलला? त्यांची मुलं शिकली आहेतच. मीच शिकवलंय. फक्त ती या बेटावर यायला तयार नाहीत, सगळ्यांना राजधानी हवी. ती इथे आली तर मी उद्या जाईन."

"आणि ती आली नाहीत तरी तुला काढलं तर?"

तिनं कढई उतरवली. "तर मुलं वर्षभर गणिताशिवाय बसतील. मागे एकदा बसली होती. ताई, मला तुझी एक गंमत वाटते. तू चार दिवसांत इथलं राजकारण सोडवायला आलीस."

"मी तुला न्यायला आलेय."

"तेच म्हणते."

एक चित्रफीत

झाहिदा जांभळ्यांना मत देणार नव्हती. हे तिनं मला दुसऱ्याच दिवशी, रस्ता झाडता झाडता, मुलाच्या मांडवाकडे पाठ करून सांगितलं. तिचं हृदयाचं ऑपरेशन तिरुवनंतपुरमला झालं होतं. तिथल्या कँटीनमधली इडली, लिफ्टवाला, मल्याळी नर्स, सगळं तिला पाठ. बेटावर निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी तिथे जाऊन आलेलं असतं. "माझी छाती ज्यांनी उघडली आणि नीट शिवली," ती म्हणाली, "त्यांना जा कशी म्हणू? शिफानला सांगू नका, रडेल." तिला हवा होता दुसरा उमेदवार, तो धक्का दुरुस्त करू म्हणत होता. धक्का खरंच खचला होता. पण त्याबद्दल मांडवात कोणी अवाक्षर काढत नव्हतं. आपल्याकडे तरी काय वेगळं असतं? सीमेपलीकडचं कोणी टीव्हीवर काही बोललं, की आमच्या इमारतीत टँकरचा विषय मागे पडतो आणि सगळे एकदम सेनापती होतात.

मतदानाच्या आदल्या दुपारी आम्ही तिघी अंगणात मासे सुकताना बघत बसलो होतो. कावळे हाकलायचं काम माझ्याकडे होतं. झाहिदाच्या फोनवर काहीतरी आलं. ती बघू लागली. हिंदी ऐकू आलं म्हणून मी वाकले.

आपल्याकडच्या कुठल्याशा शहरात दोन माणसं गाडीला टेकून उभी होती. एक जण म्हणत होता, आपण पीठ आणि बटाटे बंद करून बघा, आठ दिवसांत हे लोक होड्या घेऊन भीक मागायला येतील. दुसरा होडी वल्हवायची नक्कल करत होता. मागे आणखी लोक होते, सगळे पोट धरून हसत होते.

मी ती चित्रफीत आधी पाहिली होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर देवधरांनी टाकली होती, खाली हसणारे तीन चेहरे. मी अर्धी बघून पुसून टाकली होती. पुण्यात ती इतकी किरकोळ होती.

झाहिदानं ती पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. भाषांतराची गरज नव्हती, मालिकांनी तिला चांगलं शिकवलं होतं.

"दीदी, हा कोण आहे? मंत्री?"

"नाही. कोणीच नाही."

"मग इतके लोक का हसतायत?"

सुषमा म्हणाली, "तिकडेही निवडणूक आहे, झाहिदा. त्यांच्या त्यांच्यात चाललंय ते. तुला उद्देशून नाही."

"माझ्यापर्यंत आलं ना."

तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. एक कावळा मासा घेऊन गेला, माझं लक्ष नव्हतं. तिनं तेही बघितलं आणि काही म्हणाली नाही, यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शेवटी म्हणाली, "उद्या मी शिफानच्या माणसाला मत देते."

"आणि धक्का?" सुषमानं विचारलं.

"धक्क्यावरून उडी मारता येते."

"त्या गाडीवाल्याला कळणारसुद्धा नाही तू मत कोणाला दिलंस ते," मी म्हणाले.

"मला कळेल." मग तिनं सुषमाचा हात धरला. "तुझ्याविरुद्ध नाही हे. तुला समजतं ना?"

सुषमा म्हणाली, "समजतं. मी पेपर तपासते तेव्हा मूल कोणाचं ते बघत नाही. तूही बघू नकोस."

झाहिदा आत गेली. मी सुषमाला म्हणाले, "ती तुला मैत्रीण म्हणते."

"आहेच."

"मग तुला काही वाटत नाही?"

"काय वाटायचं, ताई? तुझ्याकडे निवडणूक आहे, तिच्याकडे निवडणूक आहे. दोन्हीकडे माझ्यासारख्यांची नावं घेतात. इथे मला मत नाही, आणि तिथे मी एकोणीस वर्षांत एकदाही दिलेलं नाही. कोणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे काही आहे का? मासे उचल, पाऊस येतोय."

मतदान

रविवारी मतदान शाळेत झालं, सुषमाच्याच वर्गात. फळ्यावर तिचा त्रिकोण तसाच होता, तो पुसायला कोणाचं मन झालं नाही. मी कुंपणाबाहेरून बघितलं. भांडण नाही, पोलिसांची आरडाओरड नाही, बायका नव्या कपड्यांत, अत्तर लावून. झाहिदा जांभळा रुमाल बांधून गेली. शिफान दारात उभा होता, तो आईकडे बघतच राहिला. त्याला वाटलं त्याच्या भाषणांनी हे झालं. तिनं त्याला तसं वाटू दिलं.

जांभळा माणूस निवडून आला. मतं पडली जवळजवळ सुषमानं लागतील म्हणून काढून दिली होती तेवढीच. मुलं ढोल घेऊन बेटभर फिरली. फिरत फिरत आमच्या खिडकीखाली आली तेव्हा ढोल थांबला, कोणीतरी "मिस झोपली असेल" म्हणालं, आणि ती चोरासारखी पुढे गेली. मिस जागी होती. वह्या तपासत होती.

निघायच्या सकाळी मी दोन्ही बॅगा दारात आणून ठेवल्या, माझी आणि तिची. तिची मी रात्रीच भरली होती. ती ब्रश करत बाहेर आली, बॅग उघडली, आणि एकेक कपडा परत कपाटात लावू लागली.

"सुषमा, काढतील तुला."

"काढू देत. सांगितलं की येईन. आपणहून आले, तर त्यांनी काढायच्या आधीच मी त्यांचं ऐकलं असं होईल."

"मांजरीला तुझं घर आहे."

"मला माहीत आहे. मीच घेतलंय."

मी माझी एकटीची बॅग उचलली. धक्क्यावर झाहिदा आली होती. तिनं पाकाच्या दोन बाटल्या दिल्या, कापडात गुंडाळून, आणि खचलेल्या पायरीवर माझा दंड घट्ट धरला. "सांभाळून, दीदी," ती म्हणाली, "हा आता पाच वर्षं असाच राहणार."

विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती, पैसे भरलेली. तिच्यावर मी बाटल्या ठेवल्या. उभ्या राहिल्या, गळल्या नाहीत.

पुन्हा मांजरी

इथवर लिहून झालं आणि संध्याकाळी फोन आला. फरशी पुसून झाली होती, मी पंख्याखाली बसले होते.

"झाला करार," सुषमा म्हणाली. "एक वर्षाचा."

"अगं, मग आवाज असा का?"

"शिफान गेला होता बोलायला. नव्या साहेबांना म्हणाला, मिस आमच्यातल्याच आहेत, आमच्या प्रचारात होत्या. वड्यांचं सांगितलं, हिशेबाचं सांगितलं. म्हणून ठेवलं."

"मग चांगलंच झालं ना."

"हो. पण इतकी वर्षं मी गणित शिकवते म्हणून होते, ताई. आता शिफान म्हणाला म्हणून आहे. काल बाजारात एकानं मला विचारलं, पुढच्या सभेला वडे कधी."

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार? केव्हा हवेत ते कळवा म्हटलं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ते जाऊ दे. फ्लॅट देऊन टाक त्या जोडप्याला. रिकामा कशाला ठेवायचा? वर्षभर तरी मी येत नाही."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला, बहीण येत नाही असं एजंटला कळवलं, बादली पालथी घातली, गॅलरीची जाळी बांधली.

१३ मे, सोमवार.

सकाळी सातला मतदानाला गेले. केंद्र शाळेतच, रांग फाटकाबाहेर, ऊन तेव्हाच टोचणारं. पुढे देवधर, स्वच्छ पांढऱ्या झब्ब्यात.

"काय शितोळेबाई, आज तरी देशाचा विचार करणार ना?"

"आज टँकरचा करणार आहे."

फाटकावरच्या पोलिसानं माझ्या डोक्याकडे बोट केलं. "बाई, टोपी काढा. पक्षाच्या टोप्या आत चालत नाहीत."

"हा पक्ष इथे उभा नाही."

"मग कुठे उभाय?"

"मालदीवला."

देवधर वळून बघू लागले. पोलिसानं टोपीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, मग कंटाळून म्हणाला, "कुठलाही असू दे. काढा." मी काढली. त्याचं बरोबर होतं.

आत मशीनसमोर माझा नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मागच्या बाई खाकरल्या. बटण दाबलं आणि बाहेर आले. कोणाला दिलं ते मी घरातही सांगत नाही.

मग स्कूटर काढून मांजरीला गेले. एजंट खालीच उभा होता, सोबत ते जोडपं. चांगली मुलं होती, पेढ्यांचा पुडा घेऊन आलेली.

"मॅडम, करायचा ना करार? अकरा महिने?"

"नाही. फ्लॅट द्यायचा नाही."

"अहो, पण बहीण येत नाही म्हणालात ना?"

"येत नाहीये."

"मग?"

"तिला कधी निघावंसं वाटलं तर दार उघडं हवं."

मुलीनं पुडा मागे घेतला. मी त्यांची माफी मागितली, एजंटला दुसरे दोन फ्लॅट सांगितले आणि वर गेले. गॅलरीत जाळी असूनही एक कबुतर आत शिरलं होतं. त्याला हाकललं, सगळे नळ सोडले, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत उभी राहिले. मग गॅसवाल्याला फोन करून भरलेला सिलिंडर मागवला.